स्वच्छ हातांचा ओके

४ मार्च, सोमवार

आज एक ‘ओके’ मला केवढ्याला पडला ते लिहून ठेवतो. समोरच्या दवाखान्याची एक खिडकी. तपासनीस बाईंचा एक कप चहा — तो त्यांच्याच फायलीने प्यायला. माझा अर्धा दिवस. मिस्त्रीचा रुसवा. आणि वर्षाला सहाशे शिड्यांची ऑर्डर! ती अजून गेलेली नाही, पण चपला घालून दारात उभी आहे.

झालं असं. गोदामवाल्या मोठ्या कंपनीने बाईंना पाठवलं होतं, आमचा कारखाना ऑर्डर देण्याजोगा आहे का ते बघायला. कारखाना म्हणजे काय — पत्र्याच्या दोन शेड, अकरा माणसं आणि लोखंडी शिड्या. बाई दाराजवळच्या खुर्चीत चहा घेत होत्या. वेल्डर बारा फुटी शिडी खांद्यावर घेऊन ओरडला, "वळू का?" मिस्त्री आतून म्हणाला, "ओके!" वेल्डर वळला. शिडीचं पुढचं टोक दवाखान्याच्या खिडकीतून गेलं, मागचं चहातून.

मिस्त्री म्हणतो, "माझा ओके म्हणजे, ऐकलं, जरा थांब." वेल्डर म्हणतो, "थांब म्हणायचं तर थांब म्हणावं की माणसाने!" दोघंही खरं बोलतायत. तीच तर पंचाईत.

बाई तरुण आहेत, शांत आहेत, आवाज चढवत नाहीत. अशा माणसांची मला भीती वाटते. फाइल पुसत म्हणाल्या, "तुमच्या प्रत्येक शिडीला तारेने एक चिठ्ठी बांधलेली असते. चिठ्ठीवर एकच शब्द असतो. ओके. त्याचा अर्थ काय?"

"ओके म्हणजे... ओके," मी.

"एका कागदावर लिहून द्या. एक शब्द, एक अर्थ, सगळ्यांच्या सह्या. एक एप्रिलला सकाळी आठला येते. तेव्हा ठरवू."

हसण्यावारी नेण्यासारखं नाही. दुकानात ॲल्युमिनियमच्या तयार शिड्या आल्यापासून आमचं काम रोडावलंय. ही ऑर्डर गेली तर एप्रिलपासून अकरातल्या चौघांना घरी बसवावं लागेल. कोणते चौघं, ते मी ठरवलेलं नाही. ठरवणारही नाही!

५ मार्च

अर्थ शोधायचा तर आधी ओके ऐकायला हवेत. आजपासून खिशात एक छोटी वही.

आणि ऐकण्यात मला हरवणारा कोण आहे? इथे कोणी वाचत नाही, तेव्हा लाजायचं कशाला! शाळेचं आणि माझं चौथीत बिनसलं. पुढे जे शिकलो ते कानांनी. रस्त्याच्या कडेला भाड्याच्या वेल्डिंग मशीनवर धंदा सुरू केला, तेव्हा गिऱ्हाइकाच्या नुसत्या "बघतो" वरून तो घेणार की नाही ते मला कळायचं. आजही मी खुर्चीत बसून पलीकडच्या शेडमध्ये कोण कोणाला काय म्हणालं ते सांगतो. माणसं म्हणतात, शेठचे कान भिंतीला आहेत.

शिडीचंही तेच. रोज संध्याकाळी सहाला तयार शिड्या रांगेने भिंतीला उभ्या करतात आणि मी पाना घेऊन निघतो. प्रत्येक दांड्यावर एक टोला. जोड पक्का असेल तर शिडी खणखणते, आतून कच्चा असेल तर बद्द वाजते. सुरुवातीला आठवड्याला दोन-तीन बद्द निघायच्या. मग मी असा काही तोंडाचा पट्टा सोडायचो की दवाखान्यातले पेशंट बाहेर येऊन ऐकायचे. गेल्या नऊ वर्षांत एकही बद्द निघालेली नाही. एकही! याला म्हणतात दरारा.

६ मार्च

दुपारपर्यंत छप्पन्न ओके.

कारकून फोनवर, लोखंडवाल्याशी: ओके — म्हणजे मी ऐकत नाहीये, पण तुम्ही बोला. मिस्त्री वेल्डरला: ओके — झालं तुझं बोलून? वेल्डर मिस्त्रीला: ओके — करतो, पण तू सांगतोस तसं नाही. लांबवलेला ओऽऽके म्हणजे आत्ता डोक्यात प्रकाश पडला. ‘ओके-ओके’ असा जोडीने आला की माल यथातथाच. तीनदा आला की फोन ठेवा आता. "ओके ना?" म्हणजे भांडणाची सुरुवात आणि "बाकी ओके?" म्हणजे मला निघायचंय.

जिथे खरोखर सगळं ठीक होतं तिथे कोणी ओके म्हणालंच नाही! तिथे माणसं गप्प होती.

रंगकाम करणारी मावशी तर दिवसभरात एकदाही म्हणाली नाही. आली, मागच्या शेडमध्ये गेली, हात काळेपिवळे करून घरी गेली. कुणी काही सांगितलं की मान हलवते. तिचं नाव वहीतून काढून टाकलं. उगाच पान कशाला अडवायचं.

७ मार्च

छोटी वही घरी टेबलावर राहिली. बायकोने वाचली. परत देताना म्हणाली, "ओके."

हा कोणता, ते अजून कळलेलं नाही.

९ मार्च, शनिवार

उद्या मेहुण्याकडे जायचं होतं. म्हटलं, मला जमणार नाही, ओकेचं काम आहे. ही म्हणाली, "ओके." सपाट. वर नाही, खाली नाही. मला ही नोंद वहीत करायचा धीर झाला नाही.

जातोय उद्या.

१० मार्च, रविवार

मेहुण्याकडून परतल्यावर लेकीचा फोन. तिला सगळं सांगितलं. हसून हसून तिला ठसका लागला. म्हणाली, "बाबा, तुमच्याकडे निदान ओ तरी आहे. आमच्याकडे तुमचे जावई नुसता ‘के’ लिहून पाठवतात."

"नुसता के? भांडण झालंय का?"

"नाही हो. कामात असतात."

"म्हणजे ‘के’ म्हणजे काम."

"नाही, काल विचारलं, मी आवडते का, तर ‘के’."

"मग ‘के’ म्हणजे प्रेम?"

"बाबा, मी फोन ठेवते हं. ओके?"

तीन अर्थ होते त्यात. तिन्ही लिहून घेतले. एकूण एकतीस.

११ मार्च

मीटिंग घेतली. सगळे उलट्या डब्यांवर बसले. मी उभा. मावशीला बोलावलं नाही, तिचा रंग वाळला असता.

"ओके म्हणजे काय? एकेकाने सांगा."

वेल्डर म्हणाला, "शिडी झाली." मिस्त्री म्हणाला, "झाली असेल, पण ओके वेगळं. शिडी झाली, तरी ओके नसू शकते." वेल्डर म्हणाला, "तुला माझी एकतरी शिडी कधी ओके वाटलीय का?" मिस्त्री म्हणाला, "ओके-ओके वाटलीय." मग जे सुरू झालं ते चहा येईपर्यंत चाललं.

कारकून सगळं टिपून घेत होता. शेवटी उभा राहून त्याने मसुदा वाचला: "ओके म्हणजे अशी शिडी, जिच्यात ओके नाही असं काही नाही असं ज्याला वाटतं, त्याला ओके म्हणायला ज्याची हरकत नाही, अशी शिडी."

मी विचारलं, "कळलं का सगळ्यांना?"

दहाजण एका सुरात म्हणाले — काय म्हणाले ते लिहीत नाही.

१२ मार्च

फर्मान काढलं. आजपासून कारखान्यात ओके बंद. झालं असेल तर ‘झालं’ म्हणा, ऐकलं असेल तर ‘ऐकलं’ म्हणा. जो ओके म्हणेल त्याने सगळ्यांचे चहाचे कप धुवायचे.

१३ मार्च

फर्मान मागे. आजचे कप मी धुतले. तीनदा.

पण खरं कारण ते नाही. ओकेशिवाय फोनच संपत नाही! लोखंडवाल्याशी बोलणं दोन मिनिटांत झालं. मग तो म्हणाला, "मग?" मी म्हणालो, "मग... झालं." तो म्हणाला, "झालं ना?" मी म्हणालो, "हो, म्हणजे ऐकलं." त्याला वाटलं मी रागावलोय. बायकामुलांची चौकशी केली. मीही केली. त्याच्या सासूच्या गुडघ्यापर्यंत पोचलो. चौदा मिनिटांनी त्यानेच विचारलं, "शेठ, तुमच्या मनात काय आहे ते एकदा स्पष्ट बोला." शेवटी फोन तोंडाशी धरून मी हळूच ‘तो’ शब्द म्हणालो. तोही म्हणाला. सुटलो दोघंही!

शेडमध्येही तीच तऱ्हा. मिस्त्रीने कामं सांगितली आणि समोरचा नुसता बघत उभा. सांगून झालं हे त्याला कळेना, त्याने ऐकलं हे मिस्त्रीला कळेना. दोघं एकमेकांकडे बघत उभे, मध्ये अर्धी शिडी.

१५ मार्च

नववा मसुदा. कारकुनाने भाषा सुधारली आहे. आता मलाही कळत नाही.

सतरा दिवस राहिले.

१८ मार्च, सोमवार

आज बाई न सांगता आल्या. सकाळी साडेआठला! मी दहाला जातो. मिस्त्रीने फोन केला, "शेठ, त्या आल्यात." कोण ते विचारावं लागलं नाही. शर्टाची बटणं रिक्षात लावली.

पोचलो तर बाई अंगणात पाइपांच्या मोळीसमोर उभ्या. शनिवारी उतरवलेला कोरा माल. कापलेला नाही, घासलेला नाही. आणि मोळीला तारेने चोवीस चिठ्ठ्या बांधलेल्या. प्रत्येकीवर सुंदर अक्षरात — ओके.

बाई म्हणाल्या, "हे काय आहे?"

मिस्त्री म्हणाला, "शिडी."

"कुठाय?"

"होणाराय."

"मग ओके कशावर लिहिलंय?"

मिस्त्रीने पाइपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं. "बाई, शिडी झाल्यावर आमचे हात तेलकट असतात. चिठ्ठी खराब होते. सकाळी हात स्वच्छ असतात. म्हणून सकाळीच लिहून टाकतो. कारकुनाचं अक्षर चांगलंय."

"आणि शिडी खराब झाली तर?"

"तर नीट करतो."

"आणि चिठ्ठी?"

"चिठ्ठीला काय धाड भरलीय? ती तर आधीपासून ओके आहे."

मी पाइपांवरच बसलो. "कुणी शिकवलं तुम्हाला हे?" मी ओरडलो. मिस्त्री शांतपणे म्हणाला, "तुम्हीच की शेठ. पहिल्या वर्षी तेलकट चिठ्ठ्या बघून गिऱ्हाइकाने माल परत केला होता. तुम्ही बोललात, मला कोरी करकरीत चिठ्ठी पाहिजे, कशी ते तुमचं तुम्ही बघा. आम्ही बघितलं."

वीस वर्षं! वीस वर्षं माझ्या कारखान्यात शिडीच्या आधी ओके जन्माला येतोय.

बाईंनी एक साधा प्रश्न विचारला. "शिडी झाल्यावर हात धुवून का लिहीत नाही?"

नळ सहा पावलांवर आहे. सगळे त्याच्याकडे असे बघायला लागले जसा काही तो आज सकाळीच उगवलाय.

मला वाटलं, संपलं. पण बाई जात्या तशा न्यायी आहेत. म्हणाल्या, "चिठ्ठी काही थांबवत नाही, हे दिसलं. मग कच्ची शिडी थांबवतं कोण?"

इथे माझी छाती पुन्हा भरून आली. "मी," म्हटलं. पाना मागवला. शनिवारच्या चार शिड्या वाजवून दाखवल्या. ठण, ठण, ठण, ठण. "ऐकलंत? याला म्हणतात पक्का जोड. नऊ वर्षांत बद्द नाही."

बाई चक्क प्रभावित झाल्या. लिहून घेतलं. "पद्धत: ठोकून ऐकणे. साधन?"

"साधन हा पाना."

"पाना आवाज काढतो. मोजतं काय?"

"कान," मी म्हणालो.

"मग कानाचा दाखला लागेल. वजनकाट्याला लागतो तसा. साधन तपासून घेतल्याशिवाय मला ते धरता येत नाही. एक तारखेपर्यंत आणा."

थट्टा नाही. त्या थट्टा करतच नाहीत.

१९ मार्च

दहावा मसुदा, माझा, एका ओळीचा: ‘ओके म्हणजे शेठने वाजवून, कानाने ऐकून, पक्की ठरवलेली शिडी. चिठ्ठी त्यानंतर लिहावी. हात धुवून.’

इतके दिवस कारकुनाला जे जमलं नाही ते मला पाच मिनिटांत! दहाजणांनी भराभर सह्या केल्या. मावशीने कागद दोनदा वाचला. "असंच लिहायचंय का, शेठ?"

"असंच म्हणजे? आहे तसंच तर लिहिलंय."

"बरं," म्हणाली आणि सही केली. कागदाच्या कोपऱ्याला थोडा पिवळा रंग लागला. बोललो नाही. बाईमाणूस, वयाने मोठी.

२१ मार्च

वजनमापांच्या कचेरीत गेलो. खिडकीतल्या माणसाला म्हटलं, "कान तपासून दाखला हवाय."

मान वर न करता म्हणाला, "कोणत्या क्षमतेचा?"

"शिडीपुरता."

"नवीन की वापरातला?"

"वापरातला. पंचावन्न वर्षं."

"साधन जमा करावं लागेल. तीन दिवसांनी परत मिळेल."

"जमा? दोन्ही?"

तेव्हा त्याने मान वर केली. माझ्याकडे बघितलं. कानांकडे बघितलं. खुर्ची मागे सारून आत साहेबांकडे गेला, बराच वेळ आला नाही. आला तो पुस्तक घेऊन. म्हणाला, "काटे आहेत, मापं आहेत, पेट्रोलचे पंप आहेत. कान नाहीत. नियमात बसवायचे तर वरून मंजुरी लागेल." मग जरा माणसासारखं म्हणाला, "काका, कानाच्या डॉक्टरकडे जा ना."

हे मला का सुचलं नाही? नळासारखंच झालं.

२५ मार्च, सोमवार

तपासणी झाली. कपाटाएवढी काचेची खोली, कानांवर जाड वाट्या, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मी सटासट दाबत होतो. मध्येच यंत्र बंद पडलं असावं. बराच वेळ काहीच आवाज नव्हता. डॉक्टरीणबाई काचेपलीकडून माझ्याकडे बघत होत्या, मी त्यांच्याकडे. मी हसलो. त्याही हसल्या, जरा उशिरा.

अहवाल परवा. फ्रेम करून खुर्चीच्या वर लावायचा विचार आहे.

२७ मार्च

यंत्र बंद पडलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर रेघ दाखवली. सपाट चालत येते आणि एकदम विहिरीत पडल्यासारखी खाली. "बोलणं तुम्हाला छान ऐकू येतं," म्हणाल्या. "हळू बोललेलंसुद्धा. पण वरच्या पट्टीतलं गेलंय. पाखरं, घंटी, धातूची किणकिण. कारखान्यात असं होतं."

"कधीपासून?"

"आठ-दहा वर्षं सहज."

दहाच्या ऐवजी नऊ धरा, मी मनात म्हटलं.

म्हणजे पक्का जोड आणि कच्चा जोड, मला दोन्ही सारखेच. ठण. ठण. ठण. नऊ वर्षांत एकही बद्द निघाली नाही, कारण बद्द कोणती हे कळायला लागणारं जे काय, ते माझ्यात उरलंच नव्हतं.

नऊ वर्षांच्या शिड्या किती होतात ते मोजायला घेतलं आणि पेन्सिल ठेवून दिली. प्रत्येकीवर कोणीतरी चढलेलं आहे.

घरी हिला सांगितलं. ही दाराकडे बघायला लागली. मग म्हणाली, "म्हणजे दाराची बेल तुम्हाला ऐकूच येत नाही? मला वाटायचं, उठायचं नसतं म्हणून."

२८ मार्च

सकाळपासून फक्त शिड्या. आधी कारखान्यातल्या. तयार असलेल्या तिसांच्या प्रत्येक पायरीवर वाळूची पोती ठेवली. एकही हलली नाही. मग बाहेरच्या. वाचनालयात आमची सात वर्षांची जुनी शिडी आहे. ग्रंथपाल म्हणाले, "कोणतं पुस्तक हवंय?" "कोणतंही, वरच्या फळीवरचं," म्हटलं. वर चढलो आणि उड्या मारल्या. ते खालून म्हणत होते, "अहो, पुस्तक सापडत नाही म्हणून एवढं काय!" दवाखान्याच्या माळ्यावर चढलो. तिथेही उड्या. खिडकीची नवी काच बसवणाऱ्याच्या हाताखाली आमचीच शिडी होती. त्याला खाली उतरवून मी चढलो. तो अजून विचारत असेल, कोण होता तो माणूस.

सगळ्या पक्क्या. एकही कुरकुरली नाही.

हे कसं? कच्च्या नाहीत याचा आनंद व्हायला हवा. झाला. पण कळत नाही. वेल्डर काही देव नाही. सहा महिन्यांपूर्वी त्याने स्वतःची चप्पल पायरीला वेल्ड केली होती.

मिस्त्रीला गाठलं. अहवालाचं बोललो नाही. नुसतं विचारलं, "इतक्या वर्षांत एकही जोड कच्चा कसा नाही रे?"

मिस्त्री कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "सगळं ओके आहे, शेठ."

छोट्या वहीत बघितलं. एकतिसातला एकही लागू पडला नाही.

२९ मार्च

कारकुनाला अहवाल दाखवला. एवढ्या वर्षांचा माणूस आहे, पोटात ठेवील. त्याने रेघ बघितली, चष्मा पुसला, पुन्हा बघितली. मग दार लोटून हळू आवाजात म्हणाला — मला स्पष्ट ऐकू आलं! — "शेठ, शेवटच्या रकान्यात जागा आहे. मी सुबक अक्षरात ओके लिहून देऊ का?"

खरं सांगतो, मी लगेच नाही म्हणालो नाही. दुसऱ्या डॉक्टरकडे दुसऱ्याच कोणाचे कान पाठवता येतात, हाही विचार आला. लेकीचे चांगले आहेत. चौघं डोळ्यांसमोर आले. ते कोणते, ते मी ठरवलं नव्हतं, तरी त्यांचे चेहरे होते.

पण दरवर्षी सहाशे शिड्या, आणि मी पाना घेऊन फिरतोय, ठण ठण, मान डोलवत!

कारकुनाला म्हटलं, "राहू दे. तुझे हात स्वच्छ आहेत, ते तसेच असू देत."

३१ मार्च, रविवार

ही म्हणाली, "उद्या काय सांगणार?"

"आहे ते."

"मग ऑर्डर?"

"जाईल बहुतेक."

ही म्हणाली, "ओके." आणि माझ्या ताटात न मागता वाढलं. हा बत्तिसावा. वहीत लिहायची गरज वाटली नाही.

१ एप्रिल, सोमवार

मी साडेसातलाच गेलो. बाई ठीक आठला. अहवाल मी स्वतःच पुढे केला. "साधन नापास," म्हटलं, आणि वाळूच्या पोत्यांचंही सांगितलं. त्यांनी वाचला, घडी केली, म्हणाल्या, "मग वाळूची पोती ठेवलीत तेव्हा सगळ्या पक्क्या कशा निघाल्या?" मला माहीत नव्हतं; वाजवल्यावर शिड्या मागे रंगाला जातात, एवढंच सांगितलं. त्या उठल्या आणि थेट मागच्या शेडमध्ये गेल्या. टर्पेंटाइनच्या वासाने माझं डोकं उठतं, म्हणून तिकडे मी कधी जात नाही. आज गेलो.

मावशी शनिवारच्या शिड्यांना रंग लावायच्या तयारीत होती. ब्रश अजून कोरडा. आधी ती प्रत्येक जोडावरून अंगठा फिरवत होती, खालून, आतून, सावकाश. दोन शिड्या उलट्या करून भिंतीला लावल्या. मिस्त्री आला, एक अक्षर न बोलता त्या उचलून परत वेल्डरकडे घेऊन गेला. त्याने मला बघितलं आणि मान खाली घातली.

बाईंनी त्या दोन्ही शिड्या मागवून पोती ठेवली. दोन्हींचे जोड उकलले. मग मावशीने ठीक म्हटलेल्या दहा घेतल्या. दहाही पक्क्या. बाईंनी माझा एका ओळीचा कागद काढला, ‘शेठने वाजवून, कानाने ऐकून’ एवढं खोडलं, वर मावशीचं नाव घातलं, सही केली. ऑर्डर आमची. कोणीही घरी बसत नाही.

जाताना बाईंनी तिला विचारलं, "हे कधीपासून करता?"

मावशीने माझ्याकडे बघितलं नाही. ब्रश रंगात बुडवत म्हणाली, "शेठना ऐकू येईनासं झालं तेव्हापासून."